नव्या घरांत नेटवर्कसाठी रिकामा पाइप हवा

प्रति,
मा. संपादक,

विषय : घरगुती नेटवर्क आणि सर्व्हर रॅकचा वाढता छंद व नव्या बांधकामांतील उणीव

महोदय,

कोल्हापुरात गेल्या काही वर्षांत एक नवा नाद चांगलाच रुजला आहे. माळ्यावर, जिन्याखालच्या कोनाड्यात किंवा टीव्हीमागच्या कपाटात एक लोखंडी चौकट, म्हणजे रॅक, उभी करायची, तीत राउटर, नेटवर्कच्या अनेक वायरी एकत्र जोडणारा स्विच, एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना संगणक, दोन-चार हार्ड डिस्क आणि यूपीएस बसवायचे आणि घरातले फोटो, कॅमेऱ्यांचे चित्रण, मुलांच्या अभ्यासाच्या फाइली असे सगळे आपल्याच घरात, आपल्याच यंत्रावर ठेवायचे, असा हा नाद आहे. अभियांत्रिकीची मुले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतले तंत्रज्ञ, लग्नसमारंभांचे छायाचित्रकार, दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले कर्मचारी अशी नाना तऱ्हेची मंडळी त्यात आहेत. मी औद्योगिक विद्युत पॅनेलच्या कामात असून हा छंद मलाही आहे. मात्र छंदाचे कौतुक करण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. या मंडळींना आपापल्या घरांत ज्या अडचणी आल्या, त्या आता छंद नसलेल्या घरांतही येऊ लागल्या आहेत आणि त्यांपैकी सर्वांत मोठी अडचण घर बांधतानाच अगदी किरकोळ खर्चात टाळता येते, हे बांधकाम व्यावसायिक, वास्तुविशारद आणि स्वतःचे घर बांधणारा सामान्य माणूस यांच्या नजरेस आणावे, एवढाच हेतू आहे.

हे सगळे घरात कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि नवे फोटो खात्याच्या १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले, तेव्हापासून दरमहा भाडे भरत बसण्यापेक्षा एकदाच डिस्क विकत घ्यावी, असा विचार अनेकांनी केला. फोटोंसाठी इमिच, चित्रपटांसाठी जेलीफिन, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, घरातले दिवे आणि टाकीची मोटार सांभाळण्यासाठी होम असिस्टंट अशा मुक्त स्रोत आज्ञावली फुकट मिळतात आणि त्या साध्या संगणकावरही चालतात. निव्वळ पैशाचा हिशेब मांडला तर तो दर वेळी जमतोच असे नाही, पण ज्या गावात बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्यावर अवलंबून न राहता स्वतःचा कॅमेरा बनवला, तिथे आपले यंत्र आपण बांधण्याची हौस असण्यात नवल नाही.

अडचण सुरू होते ती वायरपासून. इंटरनेटची जोडणी द्यायला माणूस येतो, मुख्य दाराला सर्वांत जवळच्या भिंतीत भोक पाडतो, तिथेच डबा टांगतो आणि निघून जातो. घराचे अभ्यासाचे टेबल असते मागच्या खोलीत आणि मध्ये असतात दोन-तीन भिंती, एखादा काँक्रीटचा खांब आणि लोखंडी कपाट. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा वेग चांगला असतो, मात्र त्या लहरी भिंतीला लवकर हार खातात. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपलीकडे तर त्या जवळजवळ पोहोचतच नाहीत. मग लोक रिपीटर आणतात. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो, आणि घरातला माणूस इंटरनेट देणाऱ्याला शिव्या घालतो. यावरचा खरा उपाय जुना आणि साधा आहे. प्रत्येक खोलीपर्यंत तांब्याची नेटवर्क वायर न्यावी आणि जिथे गरज असेल तिथे त्या वायरीच्या टोकाला वाय-फाय पसरवणारा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, लावावा.

पण वायर न्यायची कशातून? आपल्याकडे नव्या फ्लॅटमध्ये दिवे-पंख्यांसाठी, एसीसाठी, गिझरसाठी भिंतीत पाइप असतात आणि बहुधा टीव्हीच्या केबलसाठीही एक असतो. नेटवर्कसाठी नसतो. छंदिष्ट माणूस शेवटी विजेच्या पाइपातूनच नेटवर्कची वायर ओढायला निघतो, आणि हे मात्र कोणीही करू नये. एकाच पाइपात २३० व्होल्टची वायर आणि नेटवर्कची वायर एकमेकींना घासत असतील, तर विजेच्या वायरीचे आवरण कुठेतरी सोलले गेल्यावर तो प्रवाह थेट राउटरच्या, संगणकाच्या आणि हात लावणाऱ्या माणसाच्या अंगावर येऊ शकतो. वेगात व्यत्यय येतो तो वेगळाच. दुसरा मार्ग म्हणजे गिलावा आणि रंग झालेल्या भिंतीला झिऱ्या मारायच्या. त्यात धूळ, गवंडी, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग आणि घरातल्यांची नाराजी असे सगळे येते. तिसरा मार्ग भिंतीवरून वायर झाकत नेणाऱ्या प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांचा. तो सुरक्षित आहे, पण चौकटीच्या कडेकडेने वळणे घेत गेलेली पट्टी नव्या घरात कोणालाच पाहवत नाही. राजारामपुरीतल्या एका परिचिताने अखेर बाल्कनीबाहेरून वायर नेली आणि दोन उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकून गेले, कारण ती वायर घराच्या आत वापरायची होती आणि ऊन सोसणारी नव्हती.

भिंती उघड्या असताना हेच काम किती सोपे असते, हे कोणताही वायरमन सांगेल. विजेचे पाइप टाकतानाच त्यांच्यापासून अंतर राखून २५ मिलिमीटरचा आणखी एक पाइप प्रत्येक खोलीतून एका ठरावीक जागी आणायचा, त्यात मजबूत दोरी सोडून ठेवायची आणि दोन्ही टोकांना रिकामे बॉक्स बसवायचे. वायर आज ओढली नाही तरी चालेल. एका पाइपात काटकोनी वळणे दोनपेक्षा जास्त नकोत, असतील तर मध्ये एखादा बॉक्स द्यावा, कारण नेटवर्कची वायर तिच्या जाडीच्या चौपटीहून कमी त्रिज्येत वाकवली की तिच्यातल्या दोन-दोन तारांच्या जोड्यांचा पीळ बिघडतो. अशा पाइपातून कॅट-६ प्रकारच्या नेटवर्कच्या तीन-चार वायरी आरामात जातात आणि पुढे कधी फायबर टाकावीशी वाटली तर तीही जाते. तांब्याच्या वायरीला १०० मीटरची मर्यादा आहे, पण घरात ती कधीच आड येत नाही. कॅट-६ वर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटचा वेग मिळतो आणि आपल्याकडचा मोठ्यातला मोठा बंगलाही तेवढ्यात बसतो.

वायरीबद्दल दोन गोष्टी सविस्तर लिहिल्याच पाहिजेत, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. बाजारात ३०५ मीटरचा खोका निम्म्या किमतीत मिळाला की समजावे, ती बहुधा सीसीए आहे, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरे चकाकते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो, तार दोन-तीनदा वाकवली की तुटते आणि कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला याच वायरीतून वीज द्यायची असेल, तर ती अधिक तापते. ती वीज काही क्षुल्लक नसते. नेटवर्कच्या वायरीतून वीज देण्याच्या, म्हणजे पीओईच्या, २००३ च्या मानकात एका वायरीतून १५.४ वॉट आणि २००९ च्या मानकात ३० वॉटपर्यंत सोडता येतात. भिंतीत कायमची गाडायची वायर तरी शुद्ध तांब्याचीच असावी.

दुसरी गोष्ट टोकाच्या जोडणीची. कॅमेरे बसवणारी माणसे पुष्कळदा आठांपैकी चारच तारा जोडतात, कारण १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात आणि कॅमेऱ्याचे काम होऊन जाते. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटकी असली तर दोन्हीकडची यंत्रे कुरकुर न करता १०० वर उतरतात, स्विचवरचा दिवा नेहमीसारखा लुकलुकत राहतो आणि ३०० मेगाबिटचे पैसे भरणाऱ्याच्या वेगमापनात आकडा ९४-९५ च्या पुढे काही केल्या सरकत नाही. तक्रार जाते कंपनीकडे आणि दोष असतो भिंतीतल्या बॉक्समध्ये. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवावा. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, याकडे विशेष लक्ष द्यावे. जोड्या शेजारी-शेजारी ओळीने लावल्या तर साधा टेस्टर आठही दिवे दाखवतो, पण पिळाच्या जोड्या फुटलेल्या असतात आणि वेग मिळत नाही.

आता रॅकविषयी. बाजारात कॅमेऱ्यांच्या कामासाठी भिंतीवर टांगायची ६यू किंवा ९यू उंचीची (यू हे रॅकच्या उंचीचे माप) पेटी सहज मिळते आणि घराला ती पुरते. तरीही उद्यमनगरात हवे ते लोखंड वळवून मिळत असल्याने पुष्कळ जण फॅब्रिकेटरकडून चौकट करून घेतात. त्यात एक ठरलेली चूक होते. रॅकमध्ये बसणाऱ्या यंत्राच्या पुढच्या पट्टीची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर असते आणि उंचीचे एक माप, ज्याला एक यू म्हणतात, ते पावणेदोन इंचांचे, म्हणजे ४४.४५ मिलिमीटरचे असते. प्रत्येक मापात तीन भोके असतात, पण ती समान अंतरावर नसतात. अनुक्रमे १५.९, १५.९ आणि १२.७ मिलिमीटर असे ते अंतर असते. कारागीर बिचारा सवयीने १५-१५ मिलिमीटरवर ड्रिल मारत जातो. पहिले यंत्र बसते, दुसरे ओढूनताणून बसते, आणि दहाव्या मापापर्यंत साडेपाच मिलिमीटरची चूक साचल्याने बोल्ट भोकात जातच नाही. ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग मायक्रोमीटरने मोजून होतात, तिथे हे माप आधी कागदावर लिहून दिले तर चौकट पहिल्याच खेपेला नेमकी होते. पेटी किती खोल आहे, त्याचेही तसेच आहे. टांगायची पेटी साधारण ४५० मिलिमीटर खोल असते आणि भंगारातून स्वस्तात मिळालेला सर्व्हर ७०० मिलिमीटरांच्या घरात असतो. तो घरी आणल्यावर दार उघडे ठेवून लोक त्याला पोत्यासारखे अर्धे बाहेर लोंबकळू देतात.

या भंगारातल्या मोठ्या सर्व्हरांविषयी माझे मत प्रतिकूल आहे आणि ते लिहायला मी कचरत नाही. कार्यालयातून बाद झालेला दोन प्रोसेसरांचा सर्व्हर काही काम नसतानाही सहज १५० वॉट खातो. महिन्याला ते १०८ युनिट होतात, म्हणजे घरगुती वीजदराची १०० युनिटांची पहिली पायरी तो एकटाच संपवतो आणि बाकीचे अख्खे घर वरच्या दरात जाते. त्याचे बारके पंखे इतक्या वेगाने फिरतात की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. याउलट कार्यालयीन मिनी संगणक किंवा एन१०० या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा छोटा संगणक रिकामा असताना दहाएक वॉटवर चालतो, महिन्याला सात-सव्वासात युनिट घेतो आणि वर सांगितलेली बहुतेक कामे त्यावर बिनबोभाट होतात. शिकण्यासाठी मोठा सर्व्हर हवाच असेल तर तो हवा तेव्हा चालू करावा. दिवे लुकलुकणाऱ्या रॅकचे फोटो मित्रांना दाखवण्यासाठी वर्षभर वीज जाळणे मला पटत नाही. तोच पैसा अर्थिंग, यूपीएस आणि डिस्कच्या दुसऱ्या प्रतीवर खर्चावा.

अर्थिंगचे महत्त्व कोल्हापूरकरांना चैत्र-वैशाखात कळते. वळीव आला की विजा कडाडतात आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानांत जळालेले राउटर येऊ लागतात. यात बहुतेकदा दोष असतो एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नेलेल्या तांब्याच्या वायरीचा. वीज जवळपास पडली तरी त्या लांब वायरीत दाब निर्माण होतो, तो राउटरमध्ये शिरतो आणि राउटरमधून रॅकमधल्या प्रत्येक यंत्रात पसरतो. दोन इमारतींच्या मध्ये फायबरच टाकावी, कारण काचेतून वीज वाहत नाही. मात्र तिला आधारासाठी लोखंडी तार असेल तर ती घरात येण्यापूर्वी तोडावी किंवा अर्थिंगला जोडावी. रॅकची चौकटही घराच्या मुख्य अर्थिंगला जाड हिरव्या वायरीने जोडलेली असावी. रंग लावलेल्या पत्र्यावर नुसता बोल्ट आवळून अर्थिंग होत नाही, तेवढ्या जागेचा रंग खरवडावा लागतो. आमच्या पॅनेलच्या धंद्यात हे पहिल्याच महिन्यात शिकवतात.

महापुराचा विचार तर या गावात करावाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, व्हीनस कॉर्नर आणि नागाळा पार्कचा सखल भाग या परिसरांत पाणी शिरले आणि अनेक ठिकाणी वीज बंद ठेवावी लागली. असे असूनही आजही नव्या इमारतींत फायबरच्या जोडणीची मुख्य पेटी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवलेली दिसते. ती पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या ठिकाणी घेतली तर खर्च काय वाढतो? घरातल्या रॅकचेही तेच. तळमजल्यावर राहणाऱ्याने तो भिंतीवर छातीच्या वर टांगावा. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिण्याची सोय, जिला रेड म्हणतात, ती बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तर तिचा उपयोग होतो. पाणी, चोरी किंवा चुकून दाबलेले डिलीट यांपुढे ती निरुपयोगी आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत घराबाहेर, हा जाणकारांचा नियम आहे. बाहेरची प्रत शहराच्या उंच भागात किंवा गडहिंग्लजच्या मामाकडे ठेवली तर तिला पंचगंगेचे पाणी लागणार नाही.

सुरक्षिततेचा मुद्दा थोडक्यात मांडतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या आज्ञावलीने जगभरातले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. कॅमेऱ्याचे किंवा डिस्कचे पान थेट इंटरनेटवर उघडे करू नये. बाहेरून घरात यायचे असेल तर वायरगार्डसारख्या आज्ञावलीचा बंदिस्त मार्ग (व्हीपीएन) वापरावा. आपल्याकडे अनेक जोडण्यांना इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, १०० ने सुरू होणारा सामायिक पत्ता मिळतो आणि मग बाहेरून घरचे यंत्र सापडत नाही. अशा वेळी आयपीव्ही६, म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता देऊ शकणारी नवी पद्धत, चालू करून घ्यावी किंवा कंपनीकडे स्थिर पत्त्याची मागणी करावी.

आता मूळ मागणीकडे येतो. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत माहिती व संपर्क यंत्रणांच्या उभारणीवर स्वतंत्र विभाग आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियमही केले. म्हणजे दिशा ठरलेली आहे. मात्र मानांकन घेणे ऐच्छिक आहे आणि मोठ्या शहरांतल्या मोठ्या संकुलांपलीकडे ते लवकर पोहोचेल असे मला वाटत नाही. आपल्याकडची बहुतेक घरे तीन-चार मजली इमारतींत किंवा स्वतःच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या जागेवर होतात आणि तिथे आराखड्यावर जे काढले जाते तेच भिंतीत जाते. म्हणून वास्तुविशारदांनी विजेच्या नकाशातच नेटवर्कच्या पाइपांची रेघ ओढावी. मुख्य दाराजवळ, स्वयंपाकघर आणि स्नानगृहाच्या ओल्या भिंतीपासून दूर, दोन फूट रुंद, दोन फूट उंच आणि किमान दीड फूट खोल असा एक कोनाडा सोडावा. त्याला झरोक्याचे दार असावे, त्यात दोन प्लग आणि अर्थिंगचे टोक असावे आणि सगळ्या खोल्यांचे पाइप तिथेच यावेत. जिन्याजवळच्या केबलच्या उभ्या डक्टपासून या कोनाड्यापर्यंतही एक रिकामा पाइप असावा, म्हणजे इंटरनेट देणारी कंपनी बदलली तरी दर वेळी भिंतीला नवे भोक पडणार नाही.

ज्यांचे फ्लॅट सध्या बांधून होत आहेत, त्यांनी गिलाव्यापूर्वी साइटवर जाऊन हे सांगावे, आणि पाइप टाकल्यावर मोजपट्टी भिंतीला लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे ड्रिल मारताना ते उपयोगी पडतात. ज्यांची घरे झाली आहेत, त्यांनी टीव्हीच्या केबलचा जुना पाइप आधी तपासावा. डिश किंवा केबल बंद केलेल्या अनेक घरांत तो रिकामा पडून असतो आणि जुनी केबल ओढून काढतानाच तिच्या टोकाला नवी वायर बांधली तर ती सुरळीत आत येते. आपल्या दैनिकाच्या घरबांधणीविषयक पुरवणीत मॉड्यूलर किचन आणि व्हिट्रिफाइड फरशीच्या जाहिराती नियमित येतात. त्या जाहिरातदारांना प्रत्येक खोलीत नेटवर्कचा पाइप आहे किंवा नाही, हे छापायला आपण सुचवावे, अशी विनंती आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक,
कोल्हापूर